फीत कापून झाली. आता दवाखान्याचा साठा विचारा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

१५ मार्च २०२२ पासून पुणे महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आणि १६५ नगरसेवक सभागृहात आले. कोणत्याही पक्षाच्या आश्वासनांत रुग्णालय असतेच. कोनशिला बसते, फीत कापता येते, छायाचित्र छापून येते. त्याच इमारतीत सहा महिन्यांनी रक्तदाबाची गोळी मिळते का, हे विचारणे मात्र कोणाच्याच कामात लिहिलेले नाही, असा समज पक्का रुजला आहे. तो समज चुकीचा आहे, एवढ्यासाठीच हे पत्र.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, नागरी दारिद्र्य निर्मूलन आहे आणि दिव्यांगांसह दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षणही आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९ अ मध्ये प्रभाग समिती आहे. त्या भागातले नगरसेवक, क्षेत्रीय कार्यालयाचा अधिकारी आणि स्वयंसेवी किंवा वस्तीपातळीवरच्या संस्थांतून घेतलेले जास्तीत जास्त तीन सदस्य, अशी तिची रचना. नागरिकांच्या तक्रारी सोडवणे आणि आपल्या भागाच्या खर्चाच्या अंदाजांवर शिफारशी करणे हे तिचे काम. कायद्यात तक्रारींची उदाहरणे म्हणून पाणीपुरवठा, मलनिस्सारण, स्वच्छता, पावसाळी पाण्याचा निचरा ‘यांसारख्या’ सेवा दिल्या आहेत. पुढे ‘यांसारख्या’ हा शब्द सगळे विसरले आणि बैठका चेंबरची झाकणे, राडारोडा आणि फ्लेक्स यांवरच संपू लागल्या. दवाखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावले तरी बहुधा धूरफवारणीबद्दल विचारायला.

धूरफवारणीचेच पाहा. गाडा आला, गल्ली पांढरी झाली की काम दिसते. पण धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाहीत. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून भांडी तपासणारा कर्मचारी त्याच घरी आठवड्याच्या आत परत आला पाहिजे. समितीने विचारायचा आकडा हा: किती भांडी तपासली, त्यांपैकी किती भांड्यांत अळ्या सापडल्या, आणि त्याच सोसायटीत पुढच्या आठवड्यात किती सापडल्या. नोटिसांची संख्या हा दुय्यम आकडा आहे. रुग्णसंख्या विचारताना ‘संशयित’ आणि ‘एलायझा चाचणीने निश्चित’ हे दोन रकाने वेगळे मागावेत, नाहीतर एकाच महिन्याबद्दल दोन अधिकारी दोन आकडे सांगतात आणि दोघेही बरोबर असतात.

देखरेखीतली पहिली अडचण नकाशाची आहे. आरोग्य विभाग पाच परिमंडळांत चालतो. क्षेत्रीय कार्यालये १५. निवडणुकीचे प्रभाग ४१. नागरी प्राथमिक आरोग्य केंद्राचे क्षेत्र वेगळे, अंगणवाडीच्या नागरी प्रकल्पाची हद्द आणखी वेगळी. नगरसेवकाने ‘माझ्या प्रभागातला आकडा द्या’ म्हटले की खालून प्रामाणिक उत्तर येते, ‘असा आकडा निघत नाही.’ यावर नवे सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. एका तक्त्यात प्रत्येक केंद्रापुढे त्याच्याखाली येणाऱ्या वस्त्या, सोसायट्या, अंगणवाड्या आणि त्यांचे प्रभाग क्रमांक लिहिले की काम भागते. आशाताईंकडे वस्त्यांची यादी असतेच. क्षेत्रीय कार्यालयाने ती गोळा करून एकदा नकाशावर चढवायची. पहिल्याच बैठकीत समितीने हा ठराव करावा. तो झाला नाही तर पुढचे सगळे प्रश्न हवेत राहतील.

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये सुरू झाले. त्याच्या निकषाप्रमाणे साधारण ५० हजार लोकसंख्येला एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, १० हजारांना एक एएनएम (परिचारिका) आणि २०० ते ५०० घरांमागे एक आशा. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाख २४ हजार होती. तेवढ्या लोकसंख्येलाच ६२ केंद्रे लागतात, आणि त्यानंतर शहर केवढे फुगले ते सांगायला नको. पण केंद्रांची संख्या मोजून थांबू नये. केंद्र किती वाजता उघडे असते, हा प्रश्न जास्त मोलाचा आहे. अभियानाच्या आराखड्यात केंद्राची वेळ दुपारी १२ ते रात्री ८ अशी सुचवली आहे, कारण धुणीभांडी करणाऱ्या बाया, बिगारी, पथारीवाले सकाळी दवाखान्यात बसू शकत नाहीत. त्यांचा अर्धा दिवस बुडतो. बाह्यरुग्ण विभाग सकाळचाच ठेवला तर कागदोपत्री केंद्र चालू राहते आणि ज्यांच्यासाठी ते काढले ते कोपऱ्यावरच्या खासगी डॉक्टरकडे जातात. ही तपासणी सोपी आहे. केसपेपरच्या नोंदवहीत संध्याकाळी ५ नंतरचे क्रमांक किती आहेत, ते मोजायचे. महिन्याच्या एकूण केसपेपरमध्ये त्यांचे प्रमाण काढायचे. शून्य आले तर फलकावर लिहिलेली वेळ काहीही असो, केंद्र संध्याकाळी बंदच आहे.

आता औषधे. इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून थोडे सविस्तर.

‘औषधे उपलब्ध आहेत का?’ या प्रश्नाला नेहमी ‘आहेत’ असेच उत्तर मिळते, कारण कोणते तरी औषध कपाटात असतेच. विचारायचे ते ठरावीक दहा-बारा औषधांबद्दल: पॅरासिटामॉल, ओआरएस, झिंक, अमॉक्सिसिलिन, मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन, लोह-फॉलिक अ‍ॅसिड, सालब्युटामॉल, कुत्रा चावल्यावरची लस, प्रसूतिगृह असेल तर ऑक्सिटोसिन. प्रत्येकापुढे एकच आकडा हवा, गेल्या महिन्यात किती दिवस साठा शून्य होता. तो साठा नोंदवहीत असतो, नवीन काही लिहावे लागत नाही.

साठा शून्य का होतो, याची कारणे लोकांना वाटतात त्याहून नीरस आहेत. दरकरार ३१ मार्चला संपतो, नव्या निविदेची टिपणी मे-जूनपर्यंत फिरत राहते आणि नेमक्या पावसाळ्याच्या तोंडावर कपाट रिकामे होते. दुसरे कारण मागणीपत्रातल्या गणितात दडलेले आहे. समजा, एका केंद्रात रक्तदाबाचे ६०० रुग्ण अ‍ॅम्लोडिपिनची रोज एक गोळी घेतात. महिन्याला १८ हजार गोळ्या लागतात. पहिले दोन महिने १८-१८ हजार गेल्या. तिसऱ्या महिन्यात पंधरा दिवसांनी साठा संपला, म्हणून ९ हजारच गेल्या. आता औषधनिर्मात्याने तीन महिन्यांची सरासरी काढली की १५ हजार येते आणि तो तेवढीच मागणी नोंदवतो. पुढच्या महिन्यात १०० रुग्णांच्या गोळ्या कमी पडणार, हे त्या मागणीपत्रातच लिहिलेले असते. त्यानंतर वापर आणखी कमी दिसतो, मागणी आणखी घटते. टंचाई स्वतःच पुढची टंचाई मागवते. उपाय चौथीच्या गणिताचा आहे: साठा होता तेवढेच दिवस धरून रोजचा वापर काढायचा. ९ हजार भागिले १५ म्हणजे रोज ६००, गुणिले ३० म्हणजे १८ हजार. त्यावर माल पोहोचायला लागणाऱ्या दिवसांचा राखीव साठा धरायचा. माल यायला ४५ दिवस लागत असतील तर कपाटात पंधरा दिवसांचे औषध ठेवून भागणार नाही.

टंचाईचा आणखी एक छुपा प्रकार असतो. साठा शून्य दिसू नये म्हणून रुग्णाला ३० ऐवजी ७ गोळ्या दिल्या जातात. नोंदवहीत औषध ‘उपलब्ध’. प्रत्यक्षात त्या बाईला महिन्यातून चार खेपा. दोन खेपांनंतर ती येणे सोडते आणि रक्तदाबाचा रुग्ण ‘पाठपुराव्यातून सुटला’ अशी नोंद होते. म्हणून मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना एका वेळी किती दिवसांच्या गोळ्या दिल्या, हा रकाना समितीच्या तक्त्यात हवाच. मागच्या महिन्यात आलेल्यांपैकी किती जण या महिन्यात परत आले, तो आकडा त्याच्या शेजारी.

कुत्रा चावल्यावरची लस आणि सीरम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही बैठकीत स्पष्ट विचारावे. खोल जखम असेल, रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरम, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, द्यावे लागते. लस आहे पण सीरम नाही, अशा केंद्रातून रुग्णाला ‘मोठ्या दवाखान्यात जा’ म्हणून पाठवतात, आणि पहिला दिवसच हातचा जातो. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दोन ठिकाणी ०.१ मिलि लस देतात. उघडलेली कुपी सहा ते आठ तासांत संपवावी लागते, त्यामुळे काही ठिकाणी रुग्ण जमेपर्यंत थांबवण्याची किंवा ‘उद्या या’ सांगण्याची सवय लागते. ‘उद्या या’ किती जणांना सांगितले, याची नोंद कुठेच होत नाही. ती व्हावी.

लसीकरणाच्या आकड्यांत गोम छेदात आहे. ‘उद्दिष्टाच्या १०४ टक्के’ असा अहवाल आला की टाळ्या वाजतात. शंभरापेक्षा जास्त मुले आली कुठून, हे कोणी विचारत नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ची. उद्दिष्ट जुन्या लोकसंख्येवर वाढ धरून काढलेले असते. बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आणि नव्याने उठलेल्या वस्त्या त्यात नसतात. त्यामुळे शंभर टक्के गाठूनही मुले सुटलेली असू शकतात. त्यापेक्षा गळती विचारावी, तिला लोकसंख्येचा अंदाज लागत नाही. सहा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा, पहिला डोस, चौदा आठवड्यांना तिसरा. समजा, पहिला २०० मुलांना दिला आणि त्याच मुलांपैकी तिसऱ्याला १६४ आली. ३६ गळाली, म्हणजे १८ टक्के. दहा टक्क्यांच्या वर गळती असेल तर केंद्राचे वेळापत्रक, सत्राची जागा किंवा स्थलांतर यांपैकी काहीतरी आडवे येते आहे. गोवर-रुबेलाच्या नऊ महिने पूर्ण झाल्यावरच्या पहिल्या आणि १६ ते २४ महिन्यांच्या दुसऱ्या डोसातही हेच करावे. आणि आशाताईने या महिन्यात किती बांधकामांवर जाऊन यादी केली, हे विचारावे. बिल्डरचा रखवालदार तिला फाटकातून आत सोडत नसेल तर तो प्रश्न आरोग्य खात्याचा राहत नाही. क्षेत्रीय अधिकाऱ्याने आणि नगरसेवकाने उठून जायचे ते इथे.

समाविष्ट गावांची गोष्ट वेगळी आणि जास्त काळजीची आहे. २०१७ मध्ये ११ गावे महापालिकेत आली, ३० जून २०२१ ला आणखी २३. नंतर फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुन्हा वेगळी झाली. गाव महापालिकेत आले की ग्रामपंचायत जाते, ग्रामसभा जाते. त्यांच्यासोबत गेलेली तिसरी गोष्ट कोणाच्या लक्षात राहत नाही: ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. सरपंच किंवा पंचायतीचा सदस्य, अंगणवाडीसेविका, आशा आणि गावातल्या बाया मिळून विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडले का, नर्स आली का, एवढे तरी विचारत असत. शहरात तिच्या जागी महिला आरोग्य समिती यायला हवी. निकष ५० ते १०० घरांमागे एक, दहा-बारा सदस्य, आशा सचिव आणि वर्षाला ५ हजार रुपयांचा मुक्त, म्हणजे गरजेप्रमाणे खर्चायचा, निधी. २३ गावांत पंचायत गेली जून २०२१ मध्ये आणि महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली मार्च २०२२ मध्ये. नगरसेवक नाही, सरपंच नाही, अशी सुमारे साडेचार वर्षे या गावांनी काढली.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळले, तेव्हा सगळ्यांची नजर विहिरीवर आणि खासगी आरओ प्रकल्पांवर गेली. काही प्रकल्प महापालिकेने बंदही केले. पण असे काही होण्याआधी कोणाच्या रोजच्या कामात काय होते, हा प्रश्न उरतोच. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवे, विषाणूंचा धोका असेल तर ०.५. तपासणी पाच मिनिटांची असते: नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्यायचा, क्लोरोस्कोपच्या, म्हणजे क्लोरीन मोजायच्या संचाच्या, नळीत पाणी घ्यायचे, ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाचे थेंब टाकायचे आणि लगेच पिवळा रंग पट्टीशी जुळवायचा. उशीर केला तर रंग गडद होत जातो आणि आकडा खोटा चढतो. चूक जागा निवडण्यात होते. नमुना टाकीजवळचा घेतला जातो, कारण तिथे पोहोचणे सोपे. क्लोरीन संपते ते वाहिनीच्या शेवटच्या नळाला, चढावरच्या घराला आणि पाणी सोडल्याच्या पहिल्या दहा मिनिटांत. समितीने आपल्या भागातले असे दहा शेवटचे नळ पत्त्यांसह ठरवून द्यावेत आणि आठवड्याला त्यांचेच आकडे मागावेत. आरओच्या जारबद्दलही गैरसमज आहे. त्या प्रक्रियेत क्लोरीन निघून जाते. पुढे जार, तोटी किंवा भरणाऱ्याचे हात अस्वच्छ असतील तर त्या पाण्याला काहीच संरक्षण उरत नाही.

अंगणवाडी महापालिकेची नसते. ती राज्याच्या एकात्मिक बालविकास योजनेची. त्यामुळे नगरसेवक म्हणतात ‘आमच्याकडे येत नाही’ आणि प्रकल्प अधिकाऱ्याला प्रभाग समितीची पायरी माहीत नसते. दोन्हीकडच्या याद्यांत मुले तीच असतात. प्रकल्प अधिकाऱ्याला निमंत्रण द्यायला कोणता कायदा आड येतो? तीन आकडे पुरेत: नोंदवलेली मुले, या महिन्यात वजन आणि उंची दोन्ही घेतलेली मुले, आणि तीव्र कुपोषित मुले. मधला रकाना वगळून तिसरा सांगितला जातो, तिथेच फसायला होते. १०० पैकी ५५ मुलांचीच उंची मोजली असेल तर ‘फक्त दोन तीव्र कुपोषित’ या वाक्याला अर्थ नाही. न मोजलेली ४५ बहुधा आजारी, गावी गेलेली किंवा आईबरोबर कामावर नेलेली असतात. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असलेले सहा महिने ते पाच वर्षांचे मूल सापडले तर त्याचे नाव त्याच आठवड्यात आरोग्य केंद्राकडे गेले का, एवढे दोघांना समोरासमोर बसवून विचारले की पुष्कळ गोष्टी सुटतात. ३ ते ६ वर्षांच्या मुलाच्या रोजच्या आहाराला कॅलरी आणि प्रथिने, दोन्हींचा निकष आहे. खिचडी आली की नाही याइतकेच तिच्यात डाळ किती हेही पाहायला हवे.

समाज विकास विभागाच्या योजनांत देखरेख करायची ती पैशाच्या वाटेची. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे, हा शासनाचा नियम. अंदाजपत्रकात तरतूद दिसते. मग डिसेंबर उजाडतो, खर्च झालेला नसतो, आणि ‘वर्गीकरण’ हा पुणेरी महापालिकेचा आवडता शब्द पुढे येतो. एका शीर्षकातली न खर्चलेली रक्कम ठरावाने दुसरीकडे, म्हणजे काँक्रीटकडे किंवा पेव्हिंग ब्लॉककडे. हे नियमात बसवून करता येते, म्हणूनच त्यावर डोळा हवा. प्रत्येक शीर्षकाचे तीन आकडे शेजारी-शेजारी मांडावेत: मूळ तरतूद, सुधारित तरतूद, ३१ डिसेंबरपर्यंतचा खर्च. शिवाय आलेले अर्ज, मंजूर, नामंजूर आणि नामंजुरीचे कारण. ‘कागदपत्रे अपुरी’ हे कारण निम्म्याहून जास्त अर्जांवर असेल तर दोष अर्जदारांचा नसून अर्जाच्या नमुन्याचा असतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांना मुदत आहे आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपये दंडही. कोणती सेवा किती दिवसांत, याचा फलक क्षेत्रीय कार्यालयात दर्शनी जागी आहे का, हे पाहायला समितीची बैठकही लागत नाही.

बेघरांच्या निवाऱ्याचा निकष नागरी उपजीविका अभियानाने स्पष्ट दिला: एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय होईल एवढे कायम निवारे, प्रत्येक ५० ते १०० जणांचा, चोवीस तास चालू. पुण्यापुरता हिशेब ज्याने त्याने करावा.

खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली महापालिकेचा आरोग्य विभागच करतो. २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केले, आणि तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूने गदारोळ झाला, तेव्हा याच नियमाची आठवण रुग्णालयांना नोटिसा काढून करून द्यावी लागली. तपासणीचा अहवाल फाइलमध्ये बंद राहतो, हे त्याचे कारण. तो संकेतस्थळावर आला तर अर्धे काम रुग्णांचे नातेवाईकच करतील. धर्मादाय रुग्णालयांतल्या १० टक्के निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांच्या खाटा मात्र धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेत येतात. त्यासाठी नगरसेवकाने महापालिकेच्या आरोग्यप्रमुखांवर ओरडून उपयोग नाही.

ओरडण्यावरून आठवले. कॅमेरा घेऊन दवाखान्यात शिरायचे आणि समोर सापडेल त्या सिस्टरला फैलावर घ्यायचे, याला आपल्याकडे ‘झाडाझडती’ म्हणतात. ती चित्रफीत खूप फिरते. त्या सिस्टरच्या हातात ना औषधखरेदी, ना रिक्त जागा भरणे. आधी कळवून भेट दिली तर शेजारच्या केंद्रातून उसनी औषधे आणून कपाट भरले जाते. न कळवता गेले आणि माणसांना धारेवर धरले तर पुढच्या वेळी नोंदवही ‘साहेबांकडे’ असते. मधली वाट अशी: महिन्यातून एक केंद्र, दुपारी ४ नंतर, दोन सदस्य आणि एक नामनिर्देशित प्रतिनिधी, पाऊण तास. केसपेपरची नोंदवही, दहा औषधांचा साठा आणि नोंदवहीतला आकडा, लसीच्या फ्रीजचे दिवसातून दोनदा लिहिलेले तापमान (२ ते ८ अंशांत आहे का, आणि महिनाभर एकच आकडा एकाच शाईत तर लिहिलेला नाही ना), कर्मचाऱ्यांची मंजूर-भरलेली-आज हजर संख्या. शेवटी बाहेर बाकावर बसलेल्या पाच रुग्णांना विचारायचे, ‘चिठ्ठीवरचे कोणते औषध बाहेरून आणायला सांगितले?’ रुग्णांची नावे लिहायची नाहीत.

ही रीत काही परदेशातून आणायची नाही. ग्रामीण आरोग्य अभियानात महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली २००७ मध्ये, पाच जिल्ह्यांत: अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, ठाणे आणि पुणे. गावकरी केंद्राला लाल, पिवळा, हिरवा रंग देत आणि जनसुनवाईत डॉक्टर, अधिकारी, गावकरी समोरासमोर बसत. राज्य पातळीवरच्या समन्वयाचे काम पुण्यातल्याच ‘साथी’ संस्थेकडे होते. जिल्ह्याच्या खेड्यांत चाललेली रीत शहराच्या वॉर्डांत रुजू नये, हे जरा लाजिरवाणे आहे. त्या अनुभवातला एक धडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. केंद्रात सुटणारे प्रश्न सुटले, वर अडकणारे अडकूनच राहिले. म्हणून समितीच्या इतिवृत्तात प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणाच्या अधिकारात आहे ते लिहावे: केंद्र, परिमंडळ, आरोग्यप्रमुख, स्थायी समिती की राज्य शासन. आणि तारीख. पुढच्या बैठकीचा पहिला विषय तीच यादी. मुख्य लेखापरीक्षकांच्या अहवालातले आपल्या भागाशी संबंधित आक्षेपही त्याच यादीत घालावेत. ते स्थायी समितीकडे जातात आणि वर्षानुवर्षे ‘अनुपालन सुरू’ या शेऱ्याखाली निवांत पडून राहतात.

तीन नामनिर्देशित जागांवर कार्यकर्त्यांची सोय लावण्याचा मोह प्रत्येक पक्षाला होईल. त्यांपैकी एक जागा तरी वस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्या संस्थेच्या बाईला द्यावी. निवृत्त परिचारिका किंवा अंगणवाडी पर्यवेक्षिका मिळाली तर उत्तमच. नोंदवही वाचायला तिला शिकवावे लागणार नाही.

समितीने मनावर घेतले नाही तर वाचकांना करता येण्याजोगे एक काम आहे. स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे राज्य शासनाने २०१८ मध्ये कळवले. पुण्यात ही प्रथा त्याच्या कितीतरी आधीपासूनची. आधी ते मागून पाहावे. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दोन विषय एकत्र केले की अर्ज परत येतो, म्हणून औषधांचा आणि मनुष्यबळाचा अर्ज वेगळा करावा. औषधांसाठी मजकूर असा:

‘आमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीतील प्रत्येक महापालिका दवाखाना व नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रातील पुढील औषधांबाबत मागील सहा महिन्यांची माहिती मिळावी: पॅरासिटामॉल, ओआरएस, मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन, लोह-फॉलिक अ‍ॅसिड, श्वानदंश लस, श्वानदंश सीरम. (१) प्रत्येक महिन्यात साठा शून्य असलेले दिवस. (२) केंद्राने नोंदवलेली मागणी, मागणीची तारीख, मिळालेला साठा व मिळाल्याची तारीख. (३) मुदतबाह्य झालेला साठा. (४) संबंधित साठा नोंदवहीच्या पानांची प्रत्यक्ष पाहणी करण्याची परवानगी.’

चौथा मुद्दा वगळू नये. पहिल्या तिन्हींना ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे उत्तर येऊ शकते. नोंदवही उपलब्ध नाही, असे लिहून देणे अवघड जाते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि ३० दिवस त्या तारखेपासून मोजावेत.

कळावे,
आरोग्य व समाजविकास सेवांच्या कामाशी संबंधित काही नागरिक, पुणे